नदीनं रान खाल्लं. भरपाई कोणत्या खात्यातून?

पंचगंगा-कृष्णेच्या काठची जमीन दरवर्षी ढासळते. निधी अनेक नावांनी आहे, पण तो काठापर्यंत पोचत नाही.

पूर आला की बातमी होते. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेले की इशारा पातळी, ४३ फुटांवर गेले की धोका पातळी. तिथून पुढे दर तासाला आकडे येतात, रस्ते बंद होतात, जनावरे हलवली जातात, पुढारी बोटीत बसतात. पूर ओसरला की बातमीही ओसरते. पण नदीकाठच्या शेतकऱ्याचे खरे नुकसान पुष्कळदा त्यानंतरच सुरू होते. पाणी उतरू लागते तसा काठ भेगाळतो, एक दिवस धप्पदिशी आवाज होतो आणि दोन-चार सऱ्या उसासकट खाली जातात. पुढच्या आठवड्यात आणखी दोन जातात. याची बातमी होत नाही. काठावरचा माणूस एवढेच म्हणतो, ‘नदीनं रान खाल्लं.’

बुडालेले पीक पुढच्या हंगामात पुन्हा घेता येते. पडलेले घर, उशिरा का होईना, उभे राहते. नदीत गेलेली जमीन मात्र परत येत नाही. शिरोळ, हातकणंगले, करवीर, कागल, गडहिंग्लज या तालुक्यांतून पंचगंगा, कृष्णा, वारणा, दूधगंगा, वेदगंगा, हिरण्यकेशी अशा नद्या वाहतात. काठची मळीची जमीन ही या जिल्ह्यातली सर्वांत सुपीक जमीन. त्याच जमिनीला सर्वांत कमी संरक्षण आहे, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

काठ का ढासळतो?

जिल्ह्याचा नकाशा पाहिला तर कारण निम्मे कळते. पश्चिमेला गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. पूर्वेला शिरोळमध्ये तो पाचशेच्या आसपास असतो. म्हणजे पाऊस एकाच्या अंगणात आणि पूर दुसऱ्याच्या शिवारात. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि परंपरेने मानलेली गुप्त सरस्वती अशा पाच नद्यांची पंचगंगा प्रयाग चिखलीजवळ होते. तिथून सुमारे ८० किलोमीटर वाहून ती नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. घाट सोडला की उतार संपतो. शिरोळच्या सपाटीवर पाणी धावत नाही, साचून राहते. २०१९ साली राजाराम बंधाऱ्यावर पातळी ५५ फुटांच्या पुढे गेली, २०२१ साली ५६ फुटांच्याही पुढे गेली. दोन्ही वेळी खालच्या गावांत पाणी कित्येक दिवस हलले नाही.

या मुक्कामात काठाची माती पाणी पिऊन फुगते. नदी भरलेली असते तोवर पाण्याचाच दाब काठाला आधार देतो. नदी झपाट्याने उतरली की बाहेरचा आधार जातो, पण मातीच्या आत मुरलेले पाणी तसेच राहते. ओल्या मातीचे ओझे वाढलेले आणि पुढे टेकू नाही, अशा अवस्थेत दरड बसते. म्हणून काठ पुराच्या ऐन भरात कमी आणि उतरत्या पाण्यात जास्त तुटतो. काळ्या मातीला उन्हाळ्यात हात-हात रुंद भेगा पडतात. पावसाचे पहिले पाणी त्या भेगांतून सरळ आत उतरते आणि दरडीचा तुकडा मागून सुटा होतो.

दुसरी गोष्ट वळणाची. नदी वळते तिथे बाहेरच्या बाजूला धार लागते आणि आतल्या बाजूला गाळ पडतो. धार पायथ्याची माती नेते आणि वरचा काठ अधांतरी राहतो. अल्याडच्या शेतकऱ्याचे रान जाते, पल्याड नवी मळी तयार होते. हा नदीचा धर्मच आहे आणि तो पूर्ण थांबवता येणार नाही. पण त्याचा वेग माणसाने वाढवला आहे, हेही तितकेच खरे आहे.

आपली करणी

कोल्हापूर जिल्ह्यात ऊस काठाच्या अगदी कडेपर्यंत येतो. एक सरी वाया घालवायची तयारी कुणाची नसते. पूर्वी काठावर करंज, उंबर, जांभूळ, वाळुंज, निर्गुडी यांची दाटी असे. त्याखाली वाळा आणि लव्हाळे असत. ती झाडी गेली, तिच्या जागी ऊस आला. उसाच्या बहुतेक मुळ्या वरच्या दोन फुटांच्या थरात असतात. दहा-पंधरा फूट उंच दरडीला त्या काय धरणार? वर पाटपाणी देऊन आपण दरड बारमाही ओली ठेवतो, ते वेगळेच.

मातीचा धंदा हे दुसरे कारण. वीटभट्टीला पोयट्याची माती लागते आणि ती काठालाच मिळते. मळीतली माती विकली की एकरकमी पैसा हातात येतो. पण एका शेतकऱ्याने माती दिली की शेजाऱ्याच्या रानाचा बांध उघडा पडतो आणि पुढच्या पुराची धार त्या खड्ड्यातून आत शिरते. वाळूचेही तसेच आहे. पात्रातली वाळू खोल उपसली की तळ खाली जातो आणि काठाची उंची आपोआप वाढते. उंच काठ लवकर पडतो, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली दीपक कुमार प्रकरणात पाच हेक्टरपेक्षा कमी क्षेत्राच्या उपशालाही पर्यावरण मंजुरी सक्तीची केली. कागदावरचा हा निर्णय रात्रीच्या ट्रॅक्टरपर्यंत किती पोचला, ते नदीकाठच्या गावांना ठाऊक आहे.

तिसरी गोष्ट आपल्याच अभिमानाची. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा ही या जिल्ह्याने राज्याला दिलेली देणगी आहे. त्याचे सारे गणित बरग्यांवर आहे. पावसाळ्याआधी बरगे काढायचे, पावसाळा सरला की घालायचे. बरगे वेळेवर निघाले नाहीत, किंवा वाहून आलेली लाकडे, जलपर्णी आणि कचरा गाळ्यांत अडकला, तर पाण्याला समोर वाट मिळत नाही. मग ते बंधाऱ्याच्या बगलेतून वाट काढते आणि बगलेतले रान घेऊन जाते. काठ फोडून नेलेल्या पाईपलाईनी आणि जॅकवेलच्या चाऱ्या नीट भरल्या नाहीत तर तिथूनही धूप सुरू होते. जिल्ह्यात पाणीपुरवठा संस्थांचे जाळे मोठे आहे, त्यामुळे काठाला पडलेली भोकेही तितकीच आहेत.

अलमट्टीच्या फुगीचा वाद इथे मुद्दाम घेतलेला नाही. तो दोन राज्यांचा प्रश्न आहे आणि त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. बरगे, माती आणि काठावरचे झाड या गोष्टी मात्र गावाच्या हातातल्या आहेत.

सातबारा राहतो, रान जाते

जमीन गेली तरी सातबाऱ्यावरचे क्षेत्र तेवढेच राहते. एखाद्याच्या नावावर एक एकर आहे आणि प्रत्यक्षात तीस गुंठे उरले आहेत, अशी उदाहरणे काठावर शोधावी लागत नाहीत. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत नदीने टाकलेल्या मळईच्या जमिनीचा आणि नदीने नेलेल्या जमिनीचा विचार केलेला आहे. जमीन वाहून गेली तर शेतसारा कमी करून मिळू शकतो. पण शेतसारा आहे किती? काही रुपये. ते कमी करून घेण्यासाठी तालुक्याला चार हेलपाटे घालायचे, तर एसटीचे भाडेच जास्त होते. म्हणून कुणी जात नाही. नोंद होत नाही, आणि नोंद नाही म्हणून सरकारदरबारी ते नुकसान झालेलेच नसते.

आता भरपाईचे बघा. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचे निकष केंद्र सरकार ठरवते. २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांत दरड कोसळून किंवा नदीने पात्र बदलून जमिनीचा मोठा भाग गेल्यास हेक्टरी ४७,००० रुपये धरले आहेत. त्याआधी हा आकडा ३७,५०० होता. ही मदत फक्त अल्प व अत्यल्प भूधारकांना, आणि महसुली दप्तरात मालकी निर्विवाद असेल तरच. शेतात तीन इंचांपेक्षा जास्त वाळू-गाळ साचल्यास तो काढायला हेक्टरी १८,००० रुपये आहेत.

४७ हजारांचा हिशेब गुंठ्यावर आणला तर सुमारे पावणेपाचशे रुपये होतात. एकरी चाळीस टन ऊस धरला तर एका गुंठ्यात एका हंगामाला एक टन ऊस निघतो. २०२४-२५ च्या हंगामासाठी केंद्राने सव्वादहा टक्के उताऱ्याला क्विंटलला ३४० रुपये दर ठरवला होता. तोडणी-वाहतूक वजा जाता टनाला तीन हजारांच्या घरात पैसे येतात असे धरू. म्हणजे कायमच्या गेलेल्या गुंठ्याची किंमत त्याच गुंठ्यातल्या एका वर्षाच्या उसाच्या सहाव्या हिश्श्याइतकी! हा निकष कुणी शेतकऱ्याचे वाईट व्हावे म्हणून केलेला नाही. ती तातडीची मदत आहे, भरपाई नव्हे, असे सरकारी भाषेत सांगितले जाते. पण काठावरच्या माणसाला मदतीशिवाय दुसरे काही मिळतच नसेल, तर त्याच्या लेखी तीच भरपाई असते.

ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्य सरकारने अतिवृष्टी व पुराच्या पॅकेजमध्ये खरडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी ४७ हजार रोख आणि रोजगार हमीतून हेक्टरी तीन लाख रुपयांपर्यंतची कामे जाहीर केली. नुसत्या रोखीने जमीन दुरुस्त होत नाही, हे सरकारने यातून मान्य केले, ही चांगली गोष्ट झाली. परंतु खरडलेल्या जमिनीवर माती टाकता येते. जिथे जमीनच राहिली नाही तिथे माती टाकायची कशावर, हा प्रश्न उरतोच.

पैसा आहे कुठे?

धूप झाल्यावर मदत देण्यापेक्षा धूप होऊ नये म्हणून खर्च करणे शहाणपणाचे, हे आता दिल्लीलाही पटलेले आहे. एन. के. सिंग यांच्या अध्यक्षतेखालील पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी आपत्तीच्या निधीचे दोन भाग केले. ८० टक्के प्रतिसादासाठी आणि २० टक्के सौम्यीकरणासाठी, म्हणजे संकट येण्याआधीच्या उपायांसाठी. याशिवाय राष्ट्रीय पातळीवर धूप रोखण्याच्या कामांसाठी १,५०० कोटी आणि धुपीमुळे विस्थापित झालेल्यांच्या पुनर्वसनासाठी १,००० कोटी रुपये वेगळे सुचवले. नदीकाठची व समुद्रकाठची धूप हे स्वतंत्र संकट आहे असे मानून पैसा बाजूला काढण्याची ही मोठी पायरी होती.

यामागे मुख्यतः आसामचा अनुभव होता. ब्रह्मपुत्रेतले माजुली बेट एके काळी बाराशे चौरस किलोमीटरहून मोठे होते. आता ते त्याच्या निम्मेही उरलेले नाही. तिकडे गावेच्या गावे नदीत गेली. आपल्याकडे गाव जात नाही, चार-चार सऱ्या जातात, म्हणून आवाज होत नाही. पण नियमात ‘फक्त ब्रह्मपुत्रा’ असे कुठे लिहिलेले नाही.

दुसरा मार्ग केंद्राच्या पूर व्यवस्थापन आणि सीमाक्षेत्र कार्यक्रमाचा. २०२१ ते २०२६ साठी या कार्यक्रमाला ४,१०० कोटी रुपये मंजूर झाले. त्यात पूरनियंत्रणाबरोबर धूपप्रतिबंधक कामेही बसतात. महाराष्ट्रासारख्या सर्वसाधारण राज्याला केंद्राचे ६० टक्के आणि राज्याचे ४० टक्के असे प्रमाण आहे. ही मोठ्या प्रकल्पांची वाट आहे, एखाद्या ग्रामपंचायतीने एकटीने चालायची नव्हे.

तिसरा मार्ग जागतिक बँकेचा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर कृष्णा-भीमा खोऱ्यासाठी जागतिक बँकेच्या साहाय्याने तीन हजार कोटींहून मोठा कार्यक्रम आखला गेला आणि त्यात कोल्हापूर-सांगलीचे पूरनियंत्रण हा प्रमुख भाग आहे. पुराचे पाणी वळवणे, नद्यांची वहनक्षमता वाढवणे, पूर्वसूचना यंत्रणा अशा मोठ्या गोष्टींची यात चर्चा होते. पात्र खोल आणि सरळ करण्याची कामे निघतील तेव्हा काठाचे काय होईल, हे आधी विचारले पाहिजे. पात्र मोकळे केले आणि काठ उघडा ठेवला, तर पाणी लवकर जाईल खरे, पण जाताना रानही घेऊन जाईल.

चौथा मार्ग सर्वांत जवळचा, आणि त्याच्याकडेच सर्वांत कमी लक्ष गेले. पंधराव्या वित्त आयोगाचा जो निधी थेट ग्रामपंचायतीच्या खात्यावर आला, त्यात २०२१-२२ पासून ६० टक्के बंधित म्हणजे पाणी व स्वच्छतेसाठी राखलेला आणि ४० टक्के अबंधित होता. अबंधित रक्कम गावाच्या निकडीच्या कामाला वापरता येत होती. स्मशानभूमीजवळचा काठ, पाणवठ्याचा रस्ता, नळयोजनेच्या जॅकवेलची बगल ही गावाची निकड नाही तर काय? पण आराखड्यात बहुधा पेव्हिंग ब्लॉक, गटार आणि कमान आली. याशिवाय जिल्हा नियोजन समिती, मृद व जलसंधारण विभाग, रोजगार हमी आणि आमदार-खासदारांचा स्थानिक विकास निधी आहेच.

मग काम होत का नाही?

याचे उत्तर खात्यांच्या सीमारेषांत आहे. नदीचे पात्र सरकारचे, काठ शेतकऱ्याचा. पाटबंधारे खात्याचा संबंध पाण्याशी, कृषी खात्याचा पिकाशी, महसूल खात्याचा सातबाऱ्याशी. दरड या तिघांच्या मधोमध पडते. जिल्ह्यातली आजवरची पूरसंरक्षक कामे पाहिली तर ती बहुतेक गावठाण, घाट, देऊळ किंवा पूल यांच्याजवळ दिसतात. सार्वजनिक पैसा सार्वजनिक वस्तूसाठी, हा त्यामागचा नियम समजण्यासारखा आहे. पण एकेकाचे पाच-दहा गुंठे जाता जाता शेवटी पाणंद जाते, पाणंदीनंतर रस्ता येतो आणि रस्त्यानंतर गावठाण. धूप खासगी जमिनीत थांबत नाही.

या बाबतीत कोकणाकडे पाहावे. तिथे ‘धूपप्रतिबंधक बंधारा’ हा शब्द ग्रामसभेतही रुळलेला आहे. समुद्राने माडाची बाग नेली की लोक त्याच नावाने मागणी करतात आणि त्या कामाला शीर्षही आहे, खातेही आहे. बंधारे चांगले झाले की वाईट, हा वेगळा विषय. मागणीला नाव असणे ही मात्र निधी मिळण्याची पहिली अट आहे. देशावर नदीकाठच्या धुपीला असे ठरलेले नावच नाही. निवेदनात कुणी ‘पूरसंरक्षक भिंत’ लिहितो, कुणी ‘घाट बांधकाम’, कुणी नुसतेच ‘जमीन खचली’. तीन नावे, तीन टेबले.

भिंत की झाड?

निधी मिळाला तरी तो कशावर खर्च करायचा, हा प्रश्न राहतो. गावाला भिंत आवडते. भिंत दिसते आणि तिच्यावर नाव लिहिता येते. जिथे घरे, पूल किंवा पाणीयोजना धोक्यात आहे तिथे पक्के काम लागतेच. नृसिंहवाडीचा घाट किंवा कोल्हापूरचा पंचगंगा घाट पाहावा. दक्षिणद्वार सोहळ्याला कृष्णेचे पाणी देवळातून वाहते, माणसे भक्तिभावाने स्नान करतात आणि पाणी उतरल्यावर घाट जागच्या जागी असतो. दगडी पायऱ्यांचा तो उतार पाण्याशी भांडत नाही, त्याला अंगावर घेऊन सोडून देतो.

सरळ उभी काँक्रीटची भिंत मात्र धार परतवते आणि ती धार पल्याडच्या काठावर किंवा भिंत संपते तिथे जाऊन आदळते. म्हणजे एका गावाच्या निधीने दुसऱ्या गावाचे रान जाते. दगडी पिचिंग किंवा तारेच्या जाळीतले दगड हे त्याहून बरे, पण त्यांच्याही अटी आहेत. काठाला आधी उतार द्यावा लागतो. पायथा पात्राच्या तळाखाली न्यावा लागतो, कारण धूप तिथूनच सुरू होते. दगडांच्या मागे खडी-वाळूचा किंवा विणलेल्या कापडाचा गाळणीचा थर लागतो, नाहीतर माती दगडांच्या फटींतून निघून जाते आणि वर्षा-दोन वर्षांत पिचिंग पोटातून बसते. भारतीय मानक ब्यूरोने १९९५ साली काठाच्या अस्तरीकरणासाठी मार्गदर्शक मानक काढलेले आहे. काम सुरू असताना ग्रामपंचायतीने एवढे तरी विचारावे की पायथा किती खोल घेतला आणि मागे गाळणी आहे का.

शेतीच्या काठाला सगळीकडे दगड परवडणार नाही आणि त्याची गरजही नाही. तिथे उतार, गवत आणि झाड यांचे काम स्वस्त पडते. पाण्यालगत वाळा आणि लव्हाळे, त्यावर वाळुंज, निर्गुडी, करंज आणि काठाच्या माथ्यावर मागे सरकून बांबू, उंबर, जांभूळ असा थर ठेवावा. वाळ्याच्या मुळ्या सरळ खाली दोन-तीन मीटर जातात आणि काही दिवस पाण्याखाली राहूनही तो मरत नाही. मोठे झाड अगदी कडेला लावू नये, ते स्वतःच्या वजनाने दरड घेऊन पडते. या कामाला मजुरी जास्त आणि साहित्य कमी लागते, म्हणून ते रोजगार हमीत बसण्यासारखे आहे. अडचण एकच. पहिली दोन-तीन वर्षे जनावरे, वणवा आणि शेजाऱ्याचा नांगर यांपासून ते जपावे लागते, आणि काठाची पाच-सात मीटरची पट्टी उसातून मोकळी करावी लागते. ही पट्टी सोडायची तयारी नसेल तर कोणताही निधी उपयोगाचा नाही. आपण सोडली नाही तर नदी ती घेणारच आहे, फक्त कागद न करता.

गावाने काय करावे?

पहिले काम मोजमापाचे. काठापासून आत एक पक्की खूण धरावी, विजेचा खांब, विहीर, देवळाचा कट्टा, काहीही. त्या खुणेपासून काठापर्यंतचे अंतर पावसाळ्यापूर्वी आणि पाणी उतरल्यावर दरवर्षी फुटात लिहावे, तारखेसह फोटो काढावा आणि ग्रामपंचायतीच्या दप्तरी ठेवावा. भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशा आणि गटांचे नकाशे घ्यावेत. उपग्रहाची गेल्या वीसेक वर्षांतली चित्रे आता कोणत्याही मोबाईलवर फुकट दिसतात. जुन्या आणि नव्या चित्रांत काठ किती सरकला, ते शाळेतली पोरेसुद्धा काढून देतील. ‘लई रान गेलं’ या वाक्यावर मंजुरी मिळत नाही. ‘अमुक ते अमुक गटांत दहा वर्षांत काठ एवढे फूट आत आला’ या वाक्यावर टिपणी लिहिता येते.

दुसरे, धोक्यात असलेल्या सार्वजनिक वस्तूंची यादी करावी. पाणंद, स्मशानभूमी, जॅकवेल, वीजवाहिनी, बंधाऱ्याची बगल, पाणीपुरवठा संस्थेची मोटारघरे. खासगी जमिनीच्या रक्षणाला थेट पैसा मिळणे अवघड असते, पण पाणंद वाचली की तिच्यालगतची रानेही वाचतात.

तिसरे, समोरच्या आणि खालच्या गावाला बरोबर घ्यावे. वळण दोन्ही काठांचे असते. तीन-चार ग्रामसभांचा एकत्र ठराव गेला तर पाटबंधारे खात्यालाही संपूर्ण वळणाचे सर्वेक्षण करावे लागते. निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या पातळीत, काम करायचे तर त्या खात्याची परवानगी लागतेच. ती नंतर मागण्यापेक्षा आधी त्यांनाच बोलवावे.

चौथे, ठराव नेमक्या दारात न्यावा. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याप्रमाणे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी आणि सहअध्यक्ष जिल्हा परिषदेचे अध्यक्ष असतात. सौम्यीकरण निधीतून धूपप्रतिबंधक काम मागायचे तर जिल्ह्याच्या आपत्ती आराखड्यात ते ठिकाण असले पाहिजे. छोटे काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात घालावे. १ एप्रिल २०२६ पासून सोळाव्या वित्त आयोगाचा पाच वर्षांचा काळ सुरू होतो. नव्या काळाच्या पहिल्या आराखड्यात ज्या गावांची कामे आधीपासून कागदावर तयार असतील, ती रांगेत पुढे राहतील.

पाचवे, वाहून गेलेल्या जमिनीची नोंद करून घ्यावी. शेतसाऱ्याच्या चार रुपयांसाठी नव्हे. उद्या भूसंपादन, पीककर्ज, पीकविमा किंवा वाटणी करताना नसलेल्या जमिनीचा घोळ होऊ नये आणि धुपीचा सरकारी पुरावा तयार व्हावा, म्हणून. तलाठ्यांचे पद २०२४ पासून ‘ग्राम महसूल अधिकारी’ झाले आहे. नाव बदलले, पण पंचनामा पूर्वीसारखाच त्यांच्याकडे आहे. पीक बुडाल्याच्या पंचनाम्याबरोबर काठ तुटल्याचाही पंचनामा मागितला पाहिजे. बहुतेक वेळा तो मागितलाच जात नाही.

शासनाने काय करावे?

२०१९ च्या महापुरानंतर नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०२० मध्ये अहवाल दिला. पूररेषा, अतिक्रमणे आणि पात्राचा संकोच यांवर तेव्हापासून बोलले जात आहे. त्याच धर्तीवर जिल्ह्यातल्या नद्यांच्या काठांची एक पाहणी व्हावी. कोणत्या वळणावर काठ किती वेगाने सरकतो आहे, कुठे पक्के काम लागेल, कुठे झाडी पुरेल आणि कुठे नदीला जागा देऊन शेतकऱ्याला रीतसर मोबदला देणेच स्वस्त पडेल, हे एकदा ठरावे. नेदरलँड्ससारख्या, अर्धा देश पाण्याच्या पातळीत असलेल्या राष्ट्रानेही अलीकडच्या काळात तीसहून अधिक ठिकाणी नदीला जागा करून दिली. पण तिथे जमीन देणाऱ्याला पैसे मिळाले. आपल्याकडे नदी फुकट जागा घेते.

दुसरी मागणी साधी आहे. नदीकाठची धूपप्रतिबंधक कामे असे स्वतंत्र शीर्ष जिल्हा नियोजनात असावे, म्हणजे निवेदन कोणत्या टेबलावर ठेवायचे हे तरी कळेल. आणि जमीन गमावणाऱ्याच्या मदतीचा निकष ठरवताना ती जमीन परत येणार नाही, एवढी एक गोष्ट लक्षात घ्यावी.

राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले की पंचगंगेच्या काठावर फोन वाजू लागतात, माणसे आणि जनावरे वेळेत हलतात. पुराशी वागायला हा जिल्हा शिकला आहे. उतरत्या पाण्याशी वागायला मात्र अजून शिकायचे आहे. काठावरच्या ग्रामपंचायतींनी येत्या ग्रामसभेत एवढा एक विषय घेतला, फीत धरून अंतर मोजले आणि वहीत लिहिले, तरी सुरुवात झाली असे म्हणता येईल. त्या कामाला कुठल्याही निधीची गरज नाही.